स्वीट कॉर्न कोवळा की जून, नखाशिवाय कसं ओळखायचं?

बांधावरचा (जुन्नर तालुका):
नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात प्रक्रिया कारखान्याने आमचा अख्खा टेम्पो परत पाठवला. म्हणे दाणा जून आहे. तोडणीआधी मी स्वतः वीसेक कणसं सोलून नख लावलं होतं. चीक उडत होता, पांढरा आणि पातळ. मग जून कसा? आईने पहाटेपासून तोडणी केली होती, फार लागलं मनाला. नखापेक्षा खात्रीचं माप सांगा.

दाणापाणी:
दादा, मी मका प्रक्रियेत गुणवत्ता तपासणीला आहे. पातळ चिकानेच तुम्हाला फसवलं. साध्या मधुमक्यात दाणा भरतो तसं पाण्यात विरघळणारं पिष्टद्रव्य साठतं आणि चीक सायीसारखा दाटतो. तिथे लगदा किती पसरतो यावरून वय कळतं. सुपर स्वीट वाणांत हे द्रव्य जवळपास नसतंच. दाणा वाढला तरी चीक पाणचट राहतो आणि साल मात्र चिवट होत जाते. म्हणून आम्ही साल भोसकायला किती जोर लागतो ते यंत्रावर मोजतो, शिवाय दाण्यातलं पाणी. सुपर स्वीटच्या ताज्या मालात ते साधारण ७५ ते ७८ टक्के असतं.

घरी करायचं तर १०० ग्रॅम दाणे मिक्सरमधून काढा, बारीक चाळणीवर पाणी ओतत धुवा. उरलेली साल वाळवून वजन करा. दर खेपेला चाळणी तीच आणि मिक्सर तेवढाच वेळ, नाहीतर तुलना फुकट.

मळेकरी:
केस बाहेर पडले की त्या कणसांना सुतळी बांधा. तिथून १८ ते २२ दिवस. उन्हाळ्यात लवकर उरकतं, तेव्हा सतराव्या दिवसापासूनच पाहा.

बांधावरचा:
दोघांचेही आभार. मागास लावलेल्या तुकड्यात सुतळी बांधली होती. विसाव्या आणि पंचविसाव्या दिवसाची कणसं घेतली. दोन्ही लगदे स्टीलच्या ताटात ओतले तर पसारा जवळपास सारखाच. चाळणीतली साल मात्र वेगळी. विसाव्या दिवसाची बोटांत विरली, पंचविसाव्याची कांद्याच्या पातीसारखी ताणली जात होती. सोनाराच्या काट्यावर वजनही जास्त भरलं. उरलेला तुकडा उद्या पहाटेच तोडतोय, ऊन चढायच्या आत.