हाताने केलेलं पहिलं लाकडी पेन – तुमचा अनुभव सांगा

नौपाडा, ठाणे

आमच्या इमारतीत एका घराच्या दाराची चौकट बदलली, तेव्हा सुतारदादांनी जुन्या सागाचा वीतभर तुकडा माझ्या हातात दिला आणि विचारलं, "याचं काय करणार?" मी म्हटलं, "पेन." ते इतके हसले की रंधा खाली ठेवावा लागला. "अहो, पाट करा, चौरंग करा. पेन म्हणजे सोनाराचं काम!"

त्यांचं खरं निघालं. बाहेरून गोल करणं जमतं, पॉलिशही जमतं. सगळा जीव मधल्या भोकात आहे. बोटाएवढ्या लाकडातून लांबीच्या दिशेने ७ मि.मी.चं भोक आरपार गेलं की अर्धं पेन झालं समजा. फ्लॅटच्या गॅलरीत बसून हा उद्योग करणारे ठाण्यात आणि खाडीपलीकडे बरेच आहेत. लाकूड कोणतं, हत्यारं कोणती, घरचे काय म्हणाले, सगळं लिहा. पण पहिल्याच पेनाचं लिहा.

घणसोली

आमच्या सोसायटीत दुपारी २ ते ४ ड्रिल बंद आणि रविवारी पूर्ण बंद, त्यामुळे शनिवारची सकाळ गाठली. शिसवीचा ठोकळा आणि ऑनलाइन मागवलेला स्लिमलाइन किट: भोकात बसवायच्या दोन पितळी नळ्या, टोक, क्लिप, पिळायची यंत्रणा आणि रिफिल. ड्रिल हातात धरलं की एकाच बाजूचा कल दिसतो, म्हणून बायको काटकोनात उभी राहिली. "अहो, तुमच्याकडे झुकतंय. आता माझ्याकडे. आता खिडकीकडे." एवढ्यात बिट ठोकळ्याच्या कुशीतून बाहेर आलं. मुलगी टाळ्या वाजवत म्हणाली, "बाबा, बासरी झाली!" ती बासरी अजून तिच्या कंपासपेटीत आहे.

होतं असं की लाकडाच्या रेषा तिरक्या असल्या की बिट मऊ भागाकडे सरकतं. शिवाय भुसा आत दाटतो, बिट तापतं आणि आणखी भरकटतं. बोटाच्या पेरभर आत गेलं की बाहेर काढून भुसा झटकायचा, मग पुढे जायचं. आणि ठोकळा जाड घ्यायचा. आधी भोक, मग त्या भोकाभोवती गोलाई. म्हणजे भोक थोडं तिरकं गेलं तरी पेन सरळच होतं.

कळवा

घणसोलीकरांनी शेवटी लिहिलं तेच खरं सूत्र. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात फिटर म्हणून नोकरी केली. लोखंडात काम करणाऱ्यांना लाकूड किरकोळ वाटतं, पण लोखंड सगळ्या बाजूंनी सारखं वागतं, लाकूड नाही. त्याच्या रेषा बघूनच हत्यार लावावं लागतं.

लेथ, म्हणजे लाकूड फिरवून गोल करायचं यंत्र, नसेल तर लांब ६ मि.मी.चा आट्यांचा रॉड घ्या. नळी बसवलेला ठोकळा त्यावर दोन नटांमध्ये आवळा. रॉड सैल वाटला तर त्याला टेप गुंडाळा. एक टोक ड्रिलच्या चकमध्ये, म्हणजे बिट धरणाऱ्या जबड्यात, दुसरं टोक लाकडाला भोक पाडून केलेल्या टेकूत. ड्रिल टेबलाला घट्ट बांधलेलं हवं. फिरवण्याआधी कानशीने चौकोनाचा आठकोन आणि आठकोनाचा सोळाकोन करा, मग १२०, २२०, ४०० नंबरचे पॉलिशपेपर क्रमाने लावा. चष्मा आणि मास्क घातल्याशिवाय ड्रिल सुरू करू नका, शिसवीचा भुसा नाकाला फार झोंबतो. ओढणी, सैल बाही आणि मोकळे केस फिरत्या रॉडपासून लांब ठेवा.

माझा नातू तल्लीन होऊन पेपर लावत बसला आणि एकदम ओरडला, "आजी, आतून सोनं निघालं!" लाकूड संपून पितळी नळी चमकायला लागली होती. त्याच्या आजीने त्या सोन्याला हळदकुंकू लावलं.

नेरुळ

काका, नळी चिकटवण्याचं मी सांगते. सागात अंगचंच तेल असतं, त्यामुळे गोंद धरत नाही. भोक आतून अ‍ॅसिटोनने पुसून घ्यायचं आणि पितळी नळी पॉलिशपेपरने खरखरीत करायची. झटपट चिकटणारा गोंद हवेतल्या दमटपणावर सुकतो. जुलैत नेरुळमध्ये दमटपणाला काय तोटा? नळी अर्धी आत गेली आणि तिथेच बसली. सोबत माझी दोन बोटंही ठोकळ्याला चिकटली.

सासूबाईंनी आधी खोबरेल तेल चोळलं, मग देवाचं नाव घेतलं, मग म्हणाल्या, "पेन सुटेल तेव्हा सुटेल, पण भेंडी कोण चिरणार?" शेवटी नेलपॉलिश रिमूव्हर कामाला आलं, बहुतेक रिमूव्हरमध्ये अ‍ॅसिटोनच असतं. हा गोंद कापसाने किंवा सुती फडक्याने मात्र पुसू नका. कापूस भिजला की तापतो आणि चटका बसतो.

पावसाळ्यात याच गोंदाचा पॉलिश म्हणून थर दिला तर पांढरट झाक येते. मी जवसाचं तेल आणि वर मेण लावते. तेलाची फडकी चुरगळून टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून पसरून वाळवायची.

ऐरोली

भोकच नको असेल तर पेन्सिलच्या कारखान्याची रीत वापरा. दोन पट्ट्यांना मधून अर्धगोल खाच पाडायची, दोन्ही चिकटवायच्या आणि मग गोल करायचं. सांधा रेषेबरोबर आला तर दिसतही नाही. माझं पहिलं पेन असंच झालं आणि ऑफिसात सगळ्यांनी त्याने सही करून पाहिली.

बेलापूर

आम्हा बोरूवाल्यांचा मान कुठे आहे? बोरू मुळातच पोकळ. मोडीची दप्तरं याच बोरूने लिहिली गेली. टोक तिरकं छाटायचं, मधोमध बारीक चीर द्यायची, की शाई चिरेतून उतरते. सुलेखनकार अच्युत पालवांची अक्षरं पाहून मुलीने हट्ट धरला आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या सुऱ्या एकेक करून तिच्या टेबलावर गेल्या. पहिल्या बोरूतून शाई अशी उतरली की 'श्री' काढायला घेतला आणि कागदावर तळं झालं. चीर लांब गेली होती. आखूड चीर दिली आणि 'श्री' कसा उभा राहिला म्हणता!

वर्तकनगर, ठाणे

लाकडाबद्दल एक कळकळीची विनंती. येऊरला फिरायला जा, पण तिथली काटकीसुद्धा पेनासाठी आणू नका. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. पावसाळ्याआधी रस्त्याकडेच्या झाडांची छाटणी होते, तेव्हा कामगारांना विचारून फांदी मागून घ्या. ओलं लाकूड लगेच कापलं तर वाळताना तडकतं. दोन्ही टोकांना मेण लावून सावलीत ठेवा. इंचभर जाडीला साधारण वर्ष, असा ढोबळ हिशेब आहे. आमच्या वॉचमनकाकांना गॅलरीतली बाभळीची फांदी चुलीसाठी ठेवलीय असं वाटलं आणि त्यांनी प्रेमाने आणखी मोळीभर आणून दिली. आता पेनंच पेनं होणार!

नौपाडा, ठाणे

वर्तकनगर, त्या मोळीतला एक तुकडा माझ्यासाठी राखून ठेवा. आणि काका, टेकूचं भोक रॉडपेक्षा किती मोठं ठेवायचं? माझा रॉड एक तर अडतो, नाही तर थरथरतो.

कळवा

हाताने सहज फिरेल पण हलणार नाही, इतकंच. आत थोडं मेण चोळा. तरी थरथरला तर रॉड वाकलेला आहे. काचेवर लोळवून बघा, लगेच कळेल.