शेततळ्यावर नवी बदकं सोडताना

भाऊ, आणल्या दिवशीच बदकं तळ्यात सोडली तर अंधार पडला तरी ती बाहेर येत नाहीत, आणि मग रात्री कोल्हा नाहीतर भटकी कुत्री काठावर टपलेलीच. आधी 7 ते 10 दिवस खुराडं आणि जाळीचं आवार, एवढ्यातच ठेवा. दाणा तिन्हीसांजेला, तोही खुराड्याच्या आतच. नाकपुड्या बुडतील इतक्या खोल पाण्याचं घमेलं हवंच. नाक-डोळे साफ ठेवायला त्यांना तेच लागतं.

तळ्यात पाणी जिरू नये म्हणून प्लॅस्टिक कागद अंथरला असेल, तर खरा धोका पुढेच आहे. कागदाचा उतार शेवाळाने निसरडा होतो, बदकाला वर चढता येत नाही आणि ते दमून बुडतं. फळीवर गोणपाट गुंडाळून तिरकी ठेवा, खालचं टोक पाण्यात. ते तरंगू नये म्हणून वाळू भरलेली पिशवी बांधा. खिळे मात्र नकोत, कागद फाटला तर तळंच गेलं!

आईविना वाढलेली पिल्लं पूर्ण पिसं येईपर्यंत खोल पाण्यात नकोत. आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचं ऊन पाहता काठावर सावली आधी, बदकं नंतर. केळीच्या बागेत सोडणार असाल तर ताजी फवारणी झालेली नाही ना, ते बघा.