प्रभामंडळाचा फोटो: यंत्र नेमके काय मोजते?

विश्रामबागकर (धागाकर्ता):
गेल्या रविवारी सांगलीतल्या एका आरोग्य प्रदर्शनात पाचशे रुपये भरून मी प्रभामंडळाचा, म्हणजे शरीराभोवती असते असे म्हणतात त्या तेजोवलयाचा, फोटो काढून घेतला. धातूच्या पट्टीवर तळहात ठेवायचा, की पडद्यावर डोक्याभोवती रंग उमटतात. पहिल्यांदा हिरवा आला. ‘शांत स्वभाव’ असा अर्थ सांगितला गेला. बाहेर उसाचा रस पिऊन, हात धुऊन, ते नीट न पुसताच पुन्हा बसलो, तर चक्क नारिंगी! वीस मिनिटांत माझा स्वभाव पालटला, की ओल्या तळहातातून वीज अधिक सहज वाहिली?

कृष्णाकाठ:
एका प्रदर्शनातल्या यंत्रावरून आपण साऱ्या विषयालाच झोडपता आहात. हृदयाचे चुंबकीय क्षेत्र अमेरिकेत १९६३ मध्ये प्रत्यक्ष मोजले गेले. त्यापूर्वी ते कोणाला दिसत होते का? माझ्या आईची गुडघेदुखी रेकीने, म्हणजे हातांतून ऊर्जा देण्याच्या उपचाराने, उतरली, हेही मी डोळ्यांनी पाहिले आहे.

निवृत्त शिक्षक, सातारा:
ते क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे दहा लाखाव्या हिश्शाइतके असते आणि ते पकडायला तारेचे लाखो वेढे द्यावे लागले होते. त्यात ना रंग होता, ना स्वभाव. रशियातील क्रास्नोदारच्या किर्लियन यांनी १९३९ मध्ये उच्च दाबाच्या विजेने बोटांभोवतीची झळाळी टिपली खरी, पण तशी झळाळी रुपयाच्या नाण्याभोवतीही उमटते, आणि नाण्याला मन असल्याचे मी तरी ऐकलेले नाही. ती हवेतल्या विद्युत्-विसर्जनाची असून बोटांच्या बाबतीत तिच्यातला फरक मुख्यतः ओलाव्यामुळे पडतो, असे १९७६ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एमिली रोझा या शाळकरी मुलीच्या प्रयोगात तर माणसाभोवतीची ऊर्जा हातांना जाणवते असे म्हणणाऱ्या एकवीस उपचारकांना पडद्याआड तिचा हात आपल्या कोणत्या हातावर आहे, एवढेच ओळखायचे होते. २८० पैकी १२३ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणेफेकीहूनही कमी.

कृष्णाकाठ:
पडद्याआडच्या खेळात रुग्णाविषयीची कळकळ कुठून येणार? तरीही रंगावरून स्वभाव सांगणे मलाही पटत नाही, एवढे कबूल करतो. आईला बरे वाटले, ते मात्र खोटे ठरत नाही.

विश्रामबागकर:
आईंच्या बरे वाटण्याबद्दल माझा वाद नाहीच. वाद यंत्राशी आहे. म्हणून काल त्या आयोजकांना विचारले, की दहा जणांचे फोटो नावे झाकून दिल्यास स्वभाव सांगाल का? ‘व्यक्ती समोर बसलेली नसेल तर अर्थ लागत नाही,’ असे उत्तर मिळाले.