दाढेवर लेझर मारून आतलं डेंटिन पुन्हा वाढतं का? रूट कॅनॉल टळेल?

सायंतारा:
खालची डावीकडची दाढ किडली आहे. वरून पाहिलं तर नुसता काळा ठिपका, पण एक्स-रेमध्ये कीड पार नसेच्या जवळ गेलेली दिसते. डॉक्टर म्हणाले, साफ करताना नस उघडी पडली तर कदाचित रूट कॅनॉल करावं लागेल. थंड पाणी लागलं की सणक जाते आणि तीन-चार सेकंदांत थांबते. रात्री ठणकत नाही.

लेझरच्या उजेडाने दातातल्या मूलपेशी जाग्या होतात आणि दात आतून भरून येतो, असं वाचलं. तोंडात धरायची लाल दिव्याची यंत्रंही मिळतात. आधी तीन महिने ते यंत्र वापरावं आणि मग कीड काढावी, असं मनात आहे. शेजारच्या दाढेचं रूट कॅनॉल सहा वर्षांपूर्वी झालं, नंतर ती उभी तडकली आणि काढावी लागली. त्या बाजूने चावायला आता ही एकच उरली आहे, म्हणून ती जिवंत राहावी असं फार वाटतं. कुणाला अनुभव आहे का?

पाऊलवाट:
थांबू नका. मी असाच चार महिने थांबलो होतो. यंत्र रोज न चुकता वापरलं. मधे सणक कमी झाली तेव्हा गुण आला असं वाटलं. मग एका रात्री जबडा ठणकून उठलो, सकाळी गाल सुजलेला. सणक कमी झाली होती ती नस मरत आल्यामुळे, हे नंतर कळलं.

मूळशोध:
सायंतारा, मी अठरा वर्षं रूट कॅनॉलचंच काम करतो. तुम्ही वाचलंत ते खोटं नाही, फक्त अर्धं तुमच्यापर्यंत पोचलंय.

तो प्रयोग 2014 साली प्रसिद्ध झाला. हार्वर्डच्या ‘वीस’ (Wyss) नावाच्या संशोधन संस्थेतले डेव्हिड मूनी आणि प्रवीण अरनी यांच्या गटाने उंदरांच्या दाढांना भोक पाडून आतला पल्प, म्हणजे आपण ज्याला नस म्हणतो तो भाग, उघडा केला. त्यावर कमी ताकदीचा लेझर एकदाच दिला, वरून तात्पुरतं झाकण बसवलं आणि बारा आठवड्यांनी पाहिलं. लेझर दिलेल्या दाढांत डेंटिन, म्हणजे दाताच्या वरच्या आवरणाखालचा कठीण भाग, जास्त तयार झालेलं होतं. लेझर 810 नॅनोमीटरचा होता, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा.

मला त्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती पुढची. उजेड स्वतः काहीच बांधत नाही. तो ऊतीत थोडेसे क्रियाशील ऑक्सिजनचे रेणू तयार करतो. टीजीएफ-बीटा-1 नावाचं प्रथिन आपल्या शरीरात कुलूपबंद अवस्थेत असतं, त्याचं कुलूप हे रेणू उघडतात. मोकळं झालेलं प्रथिन पल्पमधल्या मूलपेशींना डेंटिन बनवायला लावतं. ज्या उंदरांत या प्रथिनाचा निरोप ओळखण्याची सोयच काढून टाकली होती, त्यांच्यात लेझरचा हा परिणाम दिसला नाही. म्हणून या साखळीवर माझा विश्वास आहे.

आता तुमच्या दाढेकडे येऊ. तिथे कीड आहे, म्हणजे जिवंत जंतू आहेत. हा उजेड त्यांना मारत नाही. प्रयोगातली भोकं निरोगी दाढांत ड्रिलने पाडलेली होती आणि लेझर थेट उघड्या पल्पवर पडला होता. घरच्या यंत्राचा उजेड हिरडी, इनॅमल (दाताचं वरचं कडक आवरण), डेंटिन यांतून विखुरत जातो, त्यामुळे पल्पपाशी किती पोचतो हे वापरणाऱ्याला मोजताच येत नाही. आणि या उपचारात मात्रेवरच सगळं अवलंबून असतं. कमी पडला तर काही होत नाही, जास्त झाला तर पेशी उलट मंदावतात.

शिवाय वाढतं ते डेंटिन, इनॅमल नाही. इनॅमल घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत नष्ट झालेल्या असतात. त्यामुळे वरचा खड्डा कुठल्याही उजेडाने बुजणार नाही.

तीन महिने हातचे घालवू नका. काही सेकंदांत थांबणारी सणक म्हणजे तुमचा पल्प अजून सावरू शकतो. मिनिटभर रेंगाळणारी कळ किंवा रात्रीचा ठणका सुरू झाला की ही संधी बहुतेक वेळा हातची जाते.

सायंतारा:
मग नस उघडी पडली तर लगेच रूट कॅनॉलच ना? आणि फिलिंग करताना डॉक्टर निळा दिवा धरतात, तो हाच का?

मूळशोध:
निळ्या दिव्याचा यात काही संबंध नाही, तो फिलिंग कडक करण्यापुरता असतो.

नस उघडी पडली म्हणून दरवेळी रूट कॅनॉल लागत नाही. अगदी पल्पला टेकलेला किडीचा मऊ थर मुद्दाम थोडा राखून वरून पक्कं बंद करता येतं, म्हणजे नस उघडीच पडत नाही. पडलीच, तर रबर डॅम (दाताभोवती ताणून बसवायचा रबराचा पडदा) लावून जागा कोरडी ठेवायची, रक्त थांबतंय का पाहायचं आणि थांबलं तर एमटीएसारखं कॅल्शियम सिलिकेटचं सिमेंट थेट पल्पवर ठेवायचं. एमटीए 1990 च्या दशकात आलं, त्याआधी कितीतरी वर्षं कॅल्शियम हायड्रॉक्साइड वापरत होते.

आणि ज्या टीजीएफ-बीटा-1 चं मी वर लिहिलं, ते तुमच्या डेंटिनमध्येही साठवलेलं असतं. दात घडत असतानाच पेशींनी ते तिथे ठेवून दिलेलं असतं. ही सिमेंटं डेंटिनला लागली की त्यातलं थोडं सुटतं. म्हणजे तुम्ही ज्या वाटेची आशा धरून आहात, त्याच वाटेवरचा उपचार आज खुर्चीत मिळतो. डॉक्टरांना एवढंच विचारा: "पल्प जिवंत ठेवायचा प्रयत्न आधी करता येईल का?"

पाणवठा:
उजेडाचा उपचार सरसकट फोल समजू नये म्हणून लिहिते. वडिलांना घशाच्या कर्करोगासाठी रेडिएशन चालू होतं. तोंड सोलवटून पाणी गिळणं मुश्कील होईल, हे आधीच सांगितलं होतं. ते टाळण्यासाठी रेडिएशनच्या दिवशी तोंडात लाल लेझर देत. फोड आले, पण पातळ भात शेवटपर्यंत जात राहिला, नळी घालावी लागली नाही.

मूळशोध:
पाणवठा, बरं झालं लिहिलंत. या उपचाराचा तोंडातला सगळ्यात भक्कम उपयोग हाच आहे, आणि कर्करोगाच्या रुग्णांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही त्याची शिफारस आहे. तिथे उजेड नेमका फोड येणाऱ्या जागी पडतो आणि मात्रा मोजून दिली जाते.

सायंतारा:
सात आठवड्यांनी लिहितेय. त्याच आठवड्यात जाऊन कीड काढून घेतली. नस टाचणीच्या टोकाएवढी उघडी पडली. मी आधीच विचारून ठेवलं होतं, त्यामुळे डॉक्टर थांबले, काही मिनिटं कापूस दाबून धरला, रक्त थांबलं, मग सिमेंट घालून त्याच दिवशी वरून पक्कं फिलिंग केलं. पहिले चार दिवस चावताना दुखलं. काल थंडाची तपासणी झाली. सणक आली आणि लगेच गेली.

मूळशोध:
सणक आली हे फार चांगलं झालं, पल्प जिवंत आहे. सहा महिन्यांनी एक्स-रे काढून घ्या. सिमेंटच्या खाली पांढरी रेघ दिसली तर ते तुमचं नवं डेंटिन. दिसली की इथे नक्की कळवा.