पहिले घर घेताना साठवलेली सगळी रक्कम सुरुवातीलाच भरावी का?

प्रश्न : उंबरठा

नमस्कार. आम्ही पती-पत्नी दोघेही नोकरी करतो आणि गेली सहा वर्षे घरासाठी पैसे बाजूला टाकत आलो आहोत. सध्या दोन घरे मनात आहेत. पहिले बारा-तेरा वर्षे जुने, लहानसे आणि लगेच राहायला जाता येईल असे आहे. दुसऱ्याचे बांधकाम चालू असून त्यात एक खोली जास्त आहे, मात्र ताबा दोन वर्षांनी मिळेल असे सांगतात. दुसरे घर घेतल्यास आमची जवळजवळ सगळी शिल्लक सुरुवातीच्या भरण्यातच जाईल आणि मासिक हप्ता दोघांच्या हाती येणाऱ्या पगाराच्या निम्म्यावर जाईल. बँक एवढे कर्ज द्यायला तयार आहे, आणि ज्या अर्थी बँक देते आहे त्या अर्थी ते आपल्याला झेपेल, असे घरातल्या वडीलधाऱ्यांचे मत आहे. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : हिशेबवही

कर्ज देताना बँक स्वतःची वसुली कितपत सुरक्षित आहे हे पाहते, आणि घर तर तिच्याकडे तारण असतेच. महिन्याच्या पंचवीस तारखेला आपल्या खात्यात काय उरते, ही तिची काळजी नसते. त्यामुळे वडीलधाऱ्यांचे म्हणणे निम्मेच खरे आहे.

आता आकडे पाहू. कर्ज १००, व्याजदर वार्षिक ९ टक्के आणि मुदत २० वर्षे धरली, तर मासिक हप्ता सुमारे ०.९० येतो आणि पहिल्या हप्त्यातले ०.७५ निव्वळ व्याजात जातात. म्हणूनच १० वर्षे एकही हप्ता न चुकवता भरल्यावरसुद्धा सुमारे ७१ मुद्दल शिल्लक राहते. मला हे प्रथम कळले तेव्हा मी बेरीज चुकली असे समजून पुन्हा मांडून पाहिली होती. मुदत संपेपर्यंत आपण १०० च्या बदल्यात जवळपास २१६ दिलेले असतात. तेच कर्ज १५ वर्षांत फेडायचे ठरवले, तर हप्ता सुमारे १.०१ होतो, पण एकूण परतफेड १८३ च्या आत राहते.

व्याजदर बदलता असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दर वाढल्यावर अनेकदा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली जाते, त्यामुळे कर्जदाराला काही घडल्याचे जाणवतही नाही. वरच्याच उदाहरणात कर्जाच्या आरंभीच दर ९ वरून १० टक्क्यांवर गेला आणि हप्ता तसाच राहिला, तर २० वर्षांचे कर्ज २६ वर्षांहून थोडे अधिक चालते. पगाराचा निम्मा भाग हप्त्यात जात असेल, तर हप्ता वाढवून मुदत आवरती घेण्याचा मार्ग तुमच्यासाठी बंद झालेला असेल.

शिल्लक पूर्ण रिकामी करू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. निदान सहा महिन्यांचा घरखर्च आणि तेवढ्या काळाचे हप्ते वेगळे ठेवून उरलेल्या रकमेतूनच सुरुवातीचा भरणा ठरवावा, कारण नोंदणी, वकील, दुरुस्ती आणि सामान हलवणे हे सगळे खर्च घराच्या किमतीच्या बाहेरचे असतात. शिवाय बांधकाम चालू असलेल्या घरात ताबा मिळेपर्यंत सध्याचे भाडे आणि कर्जाचा भार एकाच वेळी सोसावा लागतो. एक तालीम करून पाहा : पुढचे सहा महिने घरभाडे देऊन शिवाय भावी हप्त्याएवढी रक्कम दरमहा निराळ्या खात्यात टाका. मधेच त्यातून पैसे काढण्याची वेळ आली, तर दुसरे घर सध्या तुमच्या आवाक्यात नाही.

प्रतिसाद : ओसरी

वरचा हिशेब मान्य आहे, तरी दुसरी बाजूही मांडतो. आम्ही जपून पाऊल टाकायचे म्हणून लहान घर घेतले आणि पाच वर्षांत ते अपुरे पडू लागले. विक्री, पुन्हा खरेदी, पुन्हा नोंदणी या साऱ्यात जो खर्च झाला, तो वाचला असता तर बरे झाले असते. पुढच्या दहा वर्षांत घरात किती माणसे असतील, याचा विचार आजच करावा.

प्रतिसाद : जुनी भिंत

ताई, जुने घर पाहायला एकदा भर पावसात आणि एकदा रात्री जा. नुकताच रंग दिलेला असेल तर आनंद मानण्याआधी कारण विचारा. भिंतीवर पांढरी भुकटी फुललेली दिसली, तर आत ओल मुरली आहे असे समजावे, कारण पाण्याबरोबर बाहेर आलेले क्षार पाणी सुकल्यावर पृष्ठभागावर राहतात. गिलाव्यातल्या केसासारख्या बारीक भेगा बहुधा किरकोळ असतात; विटांच्या सांध्यांवरून पायऱ्यांसारखी तिरकी चढत जाणारी भेग मात्र पाया खचल्याचे लक्षण असू शकते. छत किंवा तुळईवर तांबूस डाग आणि सुटलेले काँक्रीट दिसले, तर आतल्या सळया गंजत आहेत : गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीट फोडून बाहेर येतो. अशा वेळी स्वतंत्र अभियंत्याला पैसे देऊन तपासणी करून घ्यावी. ते शुल्क जड वाटते, पण घराची किंमत कमी करून घेताना तोच अहवाल उपयोगी पडतो.

प्रतिसाद : मोडी लिपी

कागदपत्रांबाबत एवढेच सांगते की वकील आपला असावा, विकणाऱ्याने सुचवलेला नसावा. मालकी हक्काची साखळी कुठे तुटते का, घरावर आधीचा बोजा आहे का आणि बांधकामाच्या परवानग्या पूर्ण आहेत का, हे पाहून झाल्याशिवाय बयाणा देऊ नये. क्षेत्रफळाची तुलनासुद्धा भिंतींच्या आतल्या वापरण्याजोग्या चटई क्षेत्रावरच करावी, कारण जिने आणि गच्चीचा वाटा मिळवून सांगितलेला आकडा नेहमीच मोठा दिसतो. ताबा लांबल्यास भरपाई किती आणि केव्हापासून मिळेल, हे करारात लिहिलेले नसेल तर तोंडी आश्वासनाचा काही उपयोग नाही. आमचा ताबा चौदा महिने लांबला होता आणि हातात एकही ओळ लेखी नव्हती.

उंबरठा

सर्वांची मनापासून आभारी आहे. सहा महिन्यांची तालीम या महिन्यापासूनच सुरू करतो आहोत आणि तोवर बयाणा कुठेच देणार नाही. जुन्या घराच्या स्नानगृहाबाहेरच्या भिंतीवर तशी पांढरी भुकटी आम्ही पाहिली होती, पण ती धूळ समजून सोडून दिली. आता अभियंत्याला घेऊन जाऊ. जुनेच घर घेतले आणि हप्ता हलका राहिला, तर दरवर्षी थोडी जादा रक्कम भरण्याने खरोखर किती फरक पडेल?

हिशेबवही

वरच्याच ९ टक्के आणि २० वर्षांच्या उदाहरणात दरवर्षी एक हप्ता जादा भरला, तर कर्ज साधारण साडेतीन वर्षे आधी संपते. मात्र मुदतपूर्व परतफेडीवर शुल्क आहे का, हे सही करण्यापूर्वी बँकेकडून लेखी घ्या. जादा रक्कम भरताना ‘हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी’ असे अर्जात स्पष्ट नमूद करा, कारण हप्ता कमी करून मुदत तशीच ठेवली गेली तर व्याजातली बचत बरीच घटते.