क्नोसोस ‘नुसतं सिमेंट’ म्हणणाऱ्यांसाठी

तिखटजाळ: परवा इथेच कुणीतरी लिहिलं, “क्रीटला गेलात तरी क्नोसोस बघू नका, सगळं शंभर वर्षांपूर्वीचं सिमेंट आहे, तिकिटाचे पैसे पाण्यात.” वर पसंतीचे अंगठे! क्रीट या ग्रीक बेटावरच्या प्राचीन राजवाड्याबद्दल हे! डोकं फिरलं, म्हणून हा वेगळा धागा.

सिमेंट आहे, मान्य. आर्थर इव्हान्स या इंग्रज पुरातत्त्वज्ञाने १९०० साली खणायला घेतलं तेव्हा मूळचे लाकडी खांब केव्हाच गेले होते. मोठ्या जिन्याला त्याने आधी लाकडाचेच टेकू दिले, ते क्रीटच्या हिवाळी पावसात कुजले. मग लोखंडी तुळया आल्या आणि १९२० नंतर काँक्रीट. हौस म्हणून नाही केलं. नाहीतर आज गुडघाभर दगडांच्या ओळी बघून “हॅ, यापेक्षा आमचा पडका वाडा बरा” म्हणत परत आला असता. ते वर जाड आणि खाली निमुळते लाल खांब उभे दिसतात, तेव्हा कुठे इमारतीचा अंदाज येतो.

गच्ची: कुणाच्या कल्पनेतली इमारत, ते पण सांगा की. ‘राणीचा महाल’ हे नाव इव्हान्सचं. तिथल्या भित्तिचित्रातले डॉल्फिन मुळात वरच्या मजल्याच्या जमिनीवर असावेत, असं बरेच अभ्यासक म्हणतात. ‘लिलीचा राजपुत्र’ या दुसऱ्या चित्रातला चेहरा मूळ तुकड्यांत नाहीच, आणि ते तुकडे तरी एकाच आकृतीचे आहेत का, यावर वाद. सगळ्यात कहर म्हणजे केशर वेचणारा तो निळा मुलगा. तो निघाला माकड! माकडाचा माणूस व्हायला लाखो वर्षं लागली म्हणतात, इव्हान्सच्या माणसांनी एका भिंतीत उरकलं.

आणि १८७८ मध्येच, इव्हान्सच्या आधी, क्रीटमधल्याच इराक्लिओ शहरातल्या मिनोस कालोकेरिनोसने तिथे खणून रांजण काढले होते. त्याचं नाव कोण घेतो?

गंजलेली_सळई: तीस वर्षं आरसीसीत घालवली, म्हणून बोलतो. आतली सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. आमच्या सोसायटीत छज्ज्याचा पोपडा थेट आईच्या तुळशीवर पडला. ती पाच मिनिटांपूर्वी तिथेच पाणी घालत होती. क्नोसोसलाही आता दुरुस्तीची दुरुस्ती करत बसावं लागतंय. मूळ दगडावर ओतलेलं काँक्रीट उद्या काढणार कसं?

तिखटजाळ: काका, तिथला बराचसा दगड जिप्सम आहे. पावसाने झिजतो. सिंहासनाच्या खोलीवर छत नसतं तर काय उरलं असतं?

गंजलेली_सळई: छत घाला की! वरचा अख्खा मजला बांधून रंगवायला कुणी सांगितलं होतं?

पायजमा_प्रवासी: तुम्ही निदान सिमेंट तरी पाहिलंत. आमच्या टूरने क्नोसोसला चाळीस मिनिटं दिली आणि ऑलिव्ह तेलाच्या दुकानात दीड तास. मूळ भित्तिचित्रं इराक्लिओच्या म्युझियममध्ये आहेत ना? ते आम्हाला ‘बाहेरून’ दाखवलं.

मावळतीकर: आणि रात्री पनीर! बार्लीच्या टोस्टवर टोमॅटो, चीज, ऑलिव्ह तेल घालून डाकोस देतात, तो हॉटेलच्या शेजारीच मिळत होता. बसमधले लोक मात्र लोणच्याची बरणी फिरवत बसले होते.

सुधाची_सून: लोणच्याला नावं ठेवायचं काम नाही. माझ्या सासूबाई ७४व्या वर्षी त्याच टूरबरोबर क्रीट बघून आल्या. गुडघेदुखी, इंग्रजीचा गंध नाही. तुमच्यासारखं पाठीवर पिशवी टाकून त्यांनी जायचं होतं का?

मावळतीकर: सासूबाईंबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही.

सुधाची_सून: ‘बसमधले लोक’ म्हणजे कोण मग? तुम्ही स्वतः बसमध्ये नव्हतात?

मावळतीकर: …होतो. लोणचंही खाल्लं. झालं समाधान?

गच्ची: आपण राजवाड्याबद्दल बोलत होतो.

पायजमा_प्रवासी: आमच्या गाईडने एक कोपरा दाखवून सांगितलं, “मिनोटॉर इथे राहायचा.” तोच, दंतकथेतल्या भूलभुलैयातला बैलाच्या डोक्याचा राक्षस. फोटो काढून झाले, बस सुटली.

गच्ची: घ्या. नकाशात खोल्यांचा गुंता आहे, पण त्या राक्षसाला मारायला गेलेल्या थीसिअसचा परतीच्या वाटेचा दोरा अडकवायला खिळा कुठेच सापडलेला नाही. उलट खरी गोष्ट जास्त भारी आहे. तिथल्या लिनियर बी या प्राचीन लिपीतल्या पाट्या व्हेंट्रिस नावाच्या अभ्यासकाने १९५२ साली वाचल्या. एका मातीच्या पाटीवर हिशेब आहे: सगळ्या देवांना मध एक रांजण, ‘दापुरितो’च्या स्वामिनीला मध एक रांजण. ‘दापुरितो’ म्हणजे लॅबिरिंथ, तोच भूलभुलैया, असं बहुतेक जण मानतात. सगळ्या देवांना मिळून एक आणि हिला एकटीला एक! बैलबुवा कुठेच नाही, कारकुनाची नोंद तेवढी आहे.

तिखटजाळ: हे माहीत नव्हतं. पण ती पाटी वाचून त्या जिन्यावर उभं राहायला जिना तर हवा?

गच्ची: बरं, जिना तुमचा. वरचा मजला आणि माकड मात्र देणार नाही.

गंजलेली_सळई: जिन्यालाही सळया आहेत. आठवण करून दिली.

पायजमा_प्रवासी: ते ऑलिव्ह तेल कुणाला हवंय का? पाच लिटर घेतलं होतं. आमच्याकडे कुणी खात नाही.