सनस्क्रीन घेताना आधी लेबल वाचायचं की आधी पुरेसं लावायला शिकायचं?

चिमूटभर
मेच्या मध्यावर मुंबईत सूर्य अगदी डोक्यावर येतो, भर दुपारी उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते. जुलैच्या शेवटी पुन्हा तेच, फक्त ढगांमुळे लक्षात येत नाही. तेव्हा सनस्क्रीन हवं की नको हा वाद या धाग्यावर नको. ट्यूब निवडताना काय बघायचं, एवढ्यावरच बोलू.

केमिस्टच्या काउंटरवर सगळे एकच विचारतात, एसपीएफ किती? माझं म्हणणं, आधी ट्यूब उलटी करा. मागच्या यादीत ‘बेन्झोफिनोन-3’ हा फिल्टर (ऊन अडवणारा घटक) दिसला तर ती तिथेच परत ठेवा. अमेरिकेहून आलेल्या मालावर हेच ‘ऑक्सिबेन्झोन’ नावाने असतं, म्हणजे दोन्ही नावं पाठ हवीत. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध-नियामक संस्था) 2019 आणि 2020 मध्ये चाचण्या प्रसिद्ध केल्या. त्यांत हा आणि इतर काही फिल्टर त्वचेतून रक्तात गेलेले आढळले, तेही पुढच्या सुरक्षा-चाचण्या माफ करण्यासाठी ठरवलेल्या मर्यादेच्या (1 मिलिलीटरमागे 0.5 नॅनोग्राम) वर. युरोपने 2022 मध्ये अंगाला लावायच्या सनस्क्रीनमधली याची मर्यादा 6 टक्क्यांवरून 2.2 वर आणली. होमोसॅलेट हा दुसरा फिल्टर फक्त चेहऱ्याच्या उत्पादनांत आणि 7.34 टक्क्यांपर्यंतच ठेवलं. 4-मिथाइलबेन्झिलिडीन कॅम्फर हा तिसरा फिल्टर असलेला नवा माल 2025 च्या मेपासून बाजारात आणायलाच मनाई केली. एवढी कात्री कोणी उगाच लावत नाही.

दुपारची_लोकल
चाचण्या सांगितल्यात, त्या कशा केल्या तेही सांगा. शरीराच्या 75 टक्के भागावर, दर चौरस सेंटीमीटरला 2 मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळांपर्यंत, सलग चार दिवस. असं सनस्क्रीन मुंबईत कोण लावतं? जुहूला दिवसभर पोहणारासुद्धा नाही. आणि 0.5 ची रेघ ओलांडली याचा अर्थ ‘आणखी अभ्यास करा’ एवढाच, ‘अपाय झाला’ असा नाही. सनस्क्रीन वापरणं थांबवू नका, हे त्याच एफडीएने तेव्हाच सांगितलं होतं.

खरं नुकसान दुसरीकडे आहे. डब्यावरचा एसपीएफ याच 2 मिलिग्रॅमच्या थराने मोजतात. लोक लावतात त्याच्या पाव ते निम्मं, मग 50 चा आकडा कागदावरच राहतो. साधा हिशोब करा. चेहरा आणि मान मिळून एका वेळी साधारण 1 ग्रॅम, म्हणजे तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत काढलेल्या दोन रेघा. दिवसातून दोनदा लावलं तर 50 ग्रॅमची ट्यूब 25 दिवसांत संपली पाहिजे. ज्यांच्याकडे ती गणपतीपासून होळीपर्यंत पुरते, त्यांनी बेन्झोफिनोनची चिंता कशाला करावी? रक्तात जायला आधी अंगाला तर लागायला हवं!

चिमूटभर
हाच हिशोब माझ्या बाजूनेही लागतो. तुम्ही लोकांना दोन-तीन पट लावायला सांगताय, तेही रोज, वर्षानुवर्षं. मग त्यात काय आहे हे बघणं जास्त गरजेचं झालं की कमी?

आणि पर्याय नसता तर गोष्ट वेगळी. बेन्झोफिनोन-3 चा रेणू लहान, रेणूभार 228. ‘बिस-इथाइलहेक्झिलऑक्सीफिनॉल मेथॉक्सीफिनाइल ट्रायझिन’ (बाजारातलं नाव टिनोसॉर्ब एस) 627 च्या पुढे. 500 च्या वरचे रेणू धडधाकट त्वचेतून सहसा आत शिरत नाहीत, असा ठोकताळा आहे. नाव मारुतीच्या शेपटीएवढं आहे, पण लेबलवर ‘ट्रायझिन’ किंवा ‘ट्रायझोन’ हे शेपूट शोधलं की काम झालं. तेवढंच संरक्षण देणारा दुसरा फिल्टर शेजारच्या फळीवर असताना शंकेचा माल का उचलायचा?

तळटीप
दोघेही लेबलकडून जास्त अपेक्षा करताय. यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते, पण 1 टक्क्याखालचे घटक शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. टक्के आपल्याकडे क्वचितच छापतात. त्यामुळे युरोपची 2.2 ची मर्यादा माहीत असून इथल्या ट्यूबवर ती ताडून बघता येत नाही.

एक नमुना यादी घेऊ: पाणी, इथाइलहेक्झिल मेथॉक्सीसिनामेट, डायमेथिकोन, ब्यूटाइल मेथॉक्सीडायबेन्झॉइलमिथेन, ग्लिसरीन, बेन्झोफिनोन-3, फिनॉक्सीइथेनॉल, कोरफड अर्क, केशर अर्क, पर्फ्यूम.

यात फिनॉक्सीइथेनॉल ही खूण. हे टिकवणारं द्रव्य 1 टक्क्यापर्यंतच वापरतात, म्हणून त्याच्या मागे जे काही येतं ते जास्तीत जास्त 1 टक्का. खोक्यावर मोठ्ठं चित्र कोरफडीचं आणि केशराचं, आत मात्र चिमूटभर (धागाकर्त्यांनी रागावू नये). बेन्झोफिनोन खुणेच्या आधी आहे. ते दीड टक्का असेल किंवा पाच, यादी ते सांगत नाही.

आता यातला खरा दोष, जो तुमच्या काळ्या यादीत नाही. दुसरं नाव म्हणजे ऑक्टिनोक्सेट आणि चौथं म्हणजे अ‍ॅव्होबेन्झोन. ही जोडी उन्हात एकमेकांशी क्रिया करते, दोन्ही फिल्टर खर्ची पडतात आणि यूव्हीए (त्वचेत खोल जाणारे अतिनील किरण) पासूनचं संरक्षण घसरतं. अ‍ॅव्होबेन्झोन टिकवायला सोबत ऑक्टोक्रिलीन किंवा टिनोसॉर्ब एस लागतं, ते इथे नाही. म्हणजे या ट्यूबमधून बेन्झोफिनोन काढलं तरी ती कच्चीच.

ऑक्टोक्रिलीनचीही एक भानगड आहे. ते जुनं होत गेलं की त्यात बेन्झोफिनोन (हे -3 नव्हे, साधं) वाढत जातं, असं 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. हे लेबलवर कधीच सापडणार नाही. त्यावर उपाय तारखेचा. मागच्या वर्षीची अर्धी ट्यूब यंदा वापरू नका, उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, आणि बाहेर पाणी सुटून मग मलम येत असेल तर इमल्शन फुटलंय, टाकून द्या. हलवून लावलं तर थर सारखा बसत नाही.

दुपारची_लोकल
म्हणजे बेन्झोफिनोन काढून हीच ट्यूब विकली, तर नावं पाठ करून वाचणारा ती खुशाल घरी नेणार, हेच ना? मी वेगळं काय म्हणत होतो!

चिमूटभर
मग नावांच्या यादीत जोडी वाढवा. वाचणं सोडा असं यातून कसं निघतं?

माहीमची_खाडी
प्रवाळाला असलेल्या धोक्याचं कुणी बोललं नाही. हवाईने 1 जानेवारी 2021 पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेटवाल्या सनस्क्रीनची खुली विक्री बंद केली, पलाऊ या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशाने त्याआधी वर्षभर. प्रवाळ आपल्याकडेही आहेत. कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीजवळचे प्रवाळ दुसरीकडे हलवावे लागले होते. अंधेरीत अंघोळ केली तरी फेस शेवटी समुद्रातच जातो.

दुपारची_लोकल
जातो, पण सोबत काय काय जातं तेही मोजा. आपल्या किनाऱ्यावर सांडपाणी, गाळ आणि भराव यांच्यापुढे सनस्क्रीन किस झाड की पत्ती. मालवणला स्नॉर्केलिंगला जाणाऱ्याने जरूर बघावं. मात्र ‘रीफ सेफ’ (प्रवाळाला सुरक्षित) या शिक्क्यावर जाऊ नये, त्याला अमेरिकेतही कायद्याची व्याख्या नाही. लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घातला की अर्ध्या अंगाला लावायचंच उरत नाही.

त्वचापुराण
रोजच्या वापरात अपाय म्हणून प्रत्यक्ष दिसतं ते रक्तातलं नॅनोग्राम नव्हे, अ‍ॅलर्जी. तिथे ‘पर्फ्यूम’, ‘लिनालूल’, ‘लिमोनीन’ आणि ‘मिथाइलआयसोथायझोलिनोन’ या नावांकडे आधी बघा. शेवटचं तर लावून ठेवायच्या उत्पादनांत युरोपात चालतच नाही. बेन्झोफिनोन-3 इथे मात्र खरोखर आरोपी आहे, धागाकर्त्यांचा निम्मा मुद्दा मान्य. पण कारण वेगळं: ते प्रकाश-अ‍ॅलर्जी करतं. म्हणजे लावलं, सावलीत बसलं, काही नाही. उन्हात गेलं की खाज आणि पुरळ.

म्हणून घरची चाचणी कशी करता त्याला महत्त्व आहे. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी दिवसातून दोनदा, सात दिवस. एकदाच लावून रात्रीत निकाल बघणं फुकट, अ‍ॅलर्जी उमटायला दिवस लागतात. आणि ही जागा बाहीखाली झाकलेली असेल तर प्रकाश-अ‍ॅलर्जी कळणारच नाही. पुरळ फक्त कपाळ, नाक, मानेचा ‘व्ही’ अशा उघड्या जागी आणि हनुवटीखालचा सावलीतला भाग स्वच्छ, असं दिसलं तर वापर थांबवून ट्यूबसकट त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

सहा महिन्यांखालच्या बाळाला मात्र कुठलंच लेबल वाचू नका. सावली, टोपी, सुती झबलं.

चिमूटभर
मग सरळ झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायॉक्साइड घ्या की. 2019 च्या प्रस्तावात एफडीएने सुरक्षित आणि परिणामकारक म्हटलेले फिल्टर हे दोनच. बारा फिल्टरांबद्दल आणखी माहिती मागितली आणि दोन नाकारले.

तळटीप
घ्या, पण मागची बाजू तिथेही वाचा. ‘शंभर टक्के मिनरल’ लिहिलेल्या कित्येक ट्यूबांत ‘ब्यूटाइलऑक्टिल सॅलिसिलेट’ असतं. ते ऑक्टिसॅलेट या फिल्टरचं सख्खं चुलत भावंड, यूव्ही शोषतंही. पण यादीत द्रावक म्हणून बसतं, फिल्टर म्हणून मोजत नाहीत. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

दुसरं, झिंक आपल्या रंगावर पांढरं उमटतं. चेहरा भस्म फासल्यासारखा दिसला की माणूस पुढच्या वेळी निम्मंच लावतो, आणि आपण परत पहिल्या मुद्द्यावर. रंग मिसळलेलं घ्या. यादीत आयर्न ऑक्साइड किंवा सीआय 77491, 77492, 77499 हे आकडे असतात. वांग असलेल्यांना त्याचा दुहेरी फायदा, कारण वांग दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतो आणि तो अडवायला आयर्न ऑक्साइडच कामी येतं. सीआय 77891 दिसलं तर गोंधळू नका, तो टायटॅनियम डायॉक्साइडच.

स्प्रेमध्ये मात्र हे खनिज नको. त्वचेवर निरुपद्रवी असलेली पूड छातीत ओढणं वेगळं. स्प्रेचं आणखी एक: 2021 मध्ये अमेरिकेत काही एरोसोल सनस्क्रीन बेन्झीन सापडल्यामुळे परत मागवली गेली. बेन्झीन हा घटक नव्हे, नकळत मिसळलेली अशुद्धी. लेबल कितीही वाचा, दिसणार नाही.

माहीमची_खाडी
ऑनलाइन मागवताना यादी कुठली धरायची? साइटवरच्या फोटोत एक आणि हातात आलेल्या ट्यूबवर दुसरीच, असं होतं.

तळटीप
हातातली. कंपन्या फॉर्म्युला बदलतात, साइटवर फोटो जुनाच राहतो. आल्याबरोबर यादी, बॅच नंबर आणि ‘यूज बिफोर’ची तारीख बघा, न उघडता परत करता येईल तोवरच. छोट्या ट्यूबची यादी कित्येकदा फक्त खोक्यावर असते, तेव्हा खोक्याचा फोटो काढून मगच तो रद्दीत टाका.

दुपारची_लोकल
आणि त्याच फोटोखाली ट्यूब उघडल्याची तारीख लिहा. 25 दिवसांनी बघू, कोणाची संपली.